कैरवानचा करार आणि आमची थोरली



मागच्या भागाच्या शेवटी मी सांगितलं होतं, की ट्युनिशियाच्या सहलीवर एक भाग करणार आहे आणि त्यात कार्थेज, हॅनिबल, रोमन लोक असं सगळं येणार. तशी टिपणंही काढून ठेवली होती. पण खरं सांगू का, परत आल्यापासून डोक्यात हॅनिबल नाहीच. डोक्यात आहे एक लग्नाचा करार. त्यामुळे आजचा भाग त्या कराराचा. हॅनिबलला पुढे कधीतरी बोलावू, तो काही कुठे जात नाही.

आधी थोडं सहलीबद्दल. आम्ही आठ जणी होतो, सगळ्या मराठी, आणि नववी आमची टूर लीडर, पुण्याची, तिशीतली मुलगी. नाशिकच्या एक काकू होत्या, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेल्या. वय अडुसष्ट, पण चालण्यात सगळ्यांच्या पुढे. कोल्हापूरच्या एक शिक्षिका होत्या, त्यांना आम्ही बाईच म्हणायचो. डोंबिवलीची एक मैत्रीण होती, चाळिशीतली, पहिले चार दिवस फारसं न बोललेली. तिच्याबद्दल पुढे सांगेन, तिला विचारूनच सांगतेय. बाकीच्या जणी हसऱ्या, खरेदीवाल्या, थेपले आणि चिवडा घेऊन आलेल्या. म्हणजे आपल्यासारख्याच.

पहिले दोन दिवस ट्युनिस शहरात. जुन्या शहराला तिथे मदिना म्हणतात. अरुंद गल्ल्या, वर छप्पर घातलेले बाजार आणि मध्यभागी झैतुना मशीद. झैतुना म्हणजे ऑलिव्हचं झाड. ही नुसती मशीद नव्हे, तर शतकानुशतकं चाललेलं विद्यापीठ. ते नाव लक्षात ठेवा, गोष्टीत परत येणार आहे. मग बिर्सा टेकडीवर गेलो. टायर शहरातून पळून आलेली राजकन्या एलिसा हिने इथे बैलाच्या एका कातड्याएवढी जमीन मागितली, कातड्याच्या बारीक पट्ट्या कापल्या, त्यांनी अख्खी टेकडी वेढली आणि कार्थेज वसवलं, अशी दंतकथा आहे. परंपरेनं सांगितलेलं साल इसवी सनापूर्वी ८१४. नाशिकच्या काकू लगेच म्हणाल्या, "म्हणजे करारातला शब्द न शब्द वाचणारी पहिली बाई ही!"

तेव्हा आम्ही हसलो. पण सहलीचा सूर तिथेच लागला होता, असं आता वाटतं.

कारवाँचं गाव

तिसऱ्या दिवशी आम्ही कैरवानला गेलो. ट्युनिसच्या दक्षिणेला साधारण एकशे साठ किलोमीटर. वाटेत दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या रांगा. उकबा इब्न नाफी या अरब सेनापतीने इसवी सन ६७० मध्ये हे ठाणं वसवलं. नाव ओळखीचं वाटतं ना? आपण कारवाँ म्हणतो, तोच मूळचा फारसी शब्द. समुद्रापासून लांब, ना नदी ना डोंगर, उघडं माळरान. बायझंटाइन आरमारापासून सुरक्षित राहावं म्हणून अशी जागा निवडली असं सांगतात. सुरक्षित होती, पण पाणी नव्हतं. म्हणून नवव्या शतकात अघलबी राजांनी गावाबाहेर गोल तलाव बांधले. त्यातल्या मोठ्याचा व्यास सव्वाशे मीटरच्या वर आहे आणि तो आजही उभा आहे.

कैरवानची मोठी मशीद आज दिसते ती बहुतांशी याच नवव्या शतकातली. मुसलमान नसलेल्यांना प्रार्थनेच्या दालनात जाता येत नाही, पण अंगणात जाता येतं. त्या अंगणाला मध्याकडे हलका उतार दिलेला आहे. पावसाचं पाणी मधोमध जमून एका नक्षीदार झरोक्यातून खालच्या टाक्यात उतरतं. बाजूला विहिरीची तोंडं आहेत, रोमन खांबांच्या बैठका पोखरून केलेली. त्यांच्या काठावर दोराचे खोल वळ पडलेत. अगदी आपल्या गावच्या आडाच्या काठावर असतात तसे. आमच्यातल्या प्रत्येकीने तिथे हात फिरवला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी.

इथे आम्हाला भेटल्या आमच्या स्थानिक मार्गदर्शक. कैरवानच्याच, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचं इंग्रजी फ्रेंचच्या वळणाचं, आमचं मराठीच्या वळणाचं, त्यामुळे दोन्हीकडून सावकाश बोलणं चालू होतं आणि म्हणूनच नीट कळत होतं. पहिल्या तासात त्या 'मॅडम' होत्या, जेवणापर्यंत आम्ही त्यांना 'ताई' म्हणायला लागलो आणि त्याचा अर्थ सांगितल्यावर त्याही खूश झाल्या.

मशिदीतून बाहेर पडून मक्रूद खायला बसलो. रव्याची वडी, आत खजुराचं सारण, तळून पाकात सोडलेली. शंकरपाळी आणि खजुराची पोळी यांची सोयरीक झाली तर जे होईल ते. ते खाता खाता ताईंनी विचारलं, "तुम्ही सगळ्या गालिचे बघायला आलात, की आमच्या गावाची खरी वस्तू बघायला?"

"खरी वस्तू कुठली?"

"लग्नाचा करार," त्या म्हणाल्या.

अरवाची अट

गोष्ट आठव्या शतकातली. उमय्या घराण्याची सत्ता दमास्कसला होती आणि त्यांचे विरोधक अब्बासी लपतछपत फिरत होते. त्यातला एक तरुण, अबू जाफर, पळत पळत कैरवानपर्यंत आला, असं इथली परंपरा सांगते. ज्या घरात आसरा मिळाला, त्या घरातली मुलगी अरवा. दोघांचं लग्न ठरलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पुरुषाला चार बायका करता येत होत्या, वर दासी वेगळ्या. पण या लग्नाच्या करारात अट घालण्यात आली, की अरवा असेपर्यंत त्याने दुसरी बायको करायची नाही, दासीही ठेवायची नाही. आणि केलीच, तर तलाकचा अधिकार अरवाच्या हातात.

तेव्हा तो एक निर्वासित तरुण होता. सही करायला काय जातंय!

पण पुढे काय झालं बघा. ७५० साली अब्बासींनी उमय्यांना उलथवलं आणि ७५४ साली हाच अबू जाफर खलिफा झाला. खलिफा अल-मन्सूर. ७६२ साली ज्याने बगदाद शहर वसवायला घेतलं, तोच हा. आता तो जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसांपैकी एक. त्याला अट जाचायला लागली. परंपरा सांगते, की अट मोडता येईल असं मत देणारा कायदेपंडित तो शोधत राहिला. पण अरवा जागी होती. मत देणाऱ्या पंडितापर्यंत तिचा करार आधीच पोचायचा. ती जिवंत असेपर्यंत खलिफाला दुसरं लग्न करता आलं नाही.

तिचा मुलगा अल-महदी पुढे खलिफा झाला. आणि नातू कोण? हारून अल-रशीद. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी सुरस गोष्टी वाचून आपल्याला जो माहीत आहे, तो हारून. म्हणजे ज्याच्या जनानखान्याच्या कथांवर आपण वाढलो, त्याची आजी एकपत्नीत्वाची अट घालणारी!

ही गोष्ट नंतरच्या ग्रंथांतून आलेली आहे, तेव्हा पंडितांच्या पाठलागाचा तपशील आपण कथा म्हणूनच ऐकायचा. पण त्या गोष्टीमागे एक रिवाज आहे आणि तो कथा नाही. कैरवानमध्ये लग्नाच्या करारात ही अट घालण्याची पद्धतच पडली. 'कैरवानी सदाक' म्हणून ती ओळखली जाते. सदाक म्हणजे मेहेर आणि त्यावरून मेहेर लिहिलेला लग्नाचा करारही. ट्युनिशियाच्या इतिहासकार दलेंदा लारगेश यांनी असे जुने करार अभ्यासून त्यावर पुस्तक लिहिलंय, ते २०११ साली आलं. हे फक्त अमीर-उमरावांपुरतं नव्हतं, गावाची सवय झाली होती.

यातली कायद्याची गंमत मला फार आवडली. उत्तर आफ्रिकेत मालिकी न्यायपरंपरा चालते. तिच्यात नवऱ्याने नुसतं "मी दुसरी करणार नाही" असं वचन दिलं, तर ते फारसं बांधील नाही. वचनाला परिणाम जोडावा लागतो: दुसरी केलीस तर पहिलीचा निर्णय पहिलीच्या हातात. मग ते वचन पक्कं होतं. 'अदूल' म्हणजे साक्षीदार-लेखनिक, ते हा मजकूर लिहून घ्यायचे. म्हणजे दुसऱ्या लग्नाला बंदी नव्हती. ते महाग पडेल अशी व्यवस्था होती.

वसुलीचा प्रश्न

रात्री आम्ही जिथे उतरलो होतो, त्या जुन्या घराच्या चौकात सगळ्या जणी बसलो. आपल्या वाड्यासारखाच चौक, फक्त तुळशीच्या जागी लिंबाचं झाड. ताई जेवायला थांबल्या होत्या.

नाशिकच्या काकूंनी बँकेतल्या सवयीने पहिला प्रश्न टाकला. "हे सगळं ठीक आहे हो. पण त्याने दुसऱ्या गावात जाऊन गुपचूप लग्न केलं तर?"

ताई हसल्या. "करायचे. मग साक्षीदार शोधा, काझीकडे जा."

काकू म्हणाल्या, "तेच तर. कागद असला म्हणजे वसुली होतेच असं नाही. पण कागदच नसला, तर साधी नोटीससुद्धा काढता येत नाही."

हे वाक्य मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. कारण काकू बोलत होत्या कर्जाबद्दल आणि मला आठवत होती आमची थोरली.

मंडळी, या पॉडकास्टवर मी आजवर दुसऱ्यांच्या घरांचा इतिहास सांगत आलेय. आज थोडा माझ्या घरचा.

माझी आजी, वडिलांची आई, ही आजोबांची दुसरी बायको. आमचं गाव कऱ्हाडजवळ. थोरलीचं लग्न होऊन आठ वर्षं झाली, मूल नाही, म्हणून १९४० साली आजोबांचं दुसरं लग्न लावलं. आजीला घरात धाकटी म्हणायचे. थोरलीला आम्ही नातवंडं मोठीआई म्हणायचो. माझ्या वडिलांना तिनेच वाढवलं. आजी सांगायची, "मला कुणी विचारलं नाही, तिला पण कुणी विचारलं नाही. विचारलं ते फक्त पत्रिकेला." आणि आजीनेच सांगितलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. त्या लग्नात मांडवात अक्षता वाटत फिरली, ती थोरली.

दोघी भांडल्या नाहीत, असं घरात अभिमानानं सांगितलं जातं. नसतीलही भांडल्या. पण थोरलीला जायला जागा कुठे होती? तिच्या लग्नाचा एकही कागद नव्हता. आजोबा गेल्यावर जमिनीवर वारसांची नावं लावताना भावकीतल्या एकाने विचारलं होतं म्हणे, "हिचं लग्न झाल्याचं काय आहे तुमच्याकडे?" चाळीस वर्षं त्या घरात राबलेल्या बाईबद्दल हा प्रश्न.

आणि आता इतिहासाचा भाग. १९४६ साली मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना बंदी करणारा कायदा केला. आजीच्या लग्नानंतर सहा वर्षांनी. सबंध देशासाठी ही बंदी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आली. त्याआधी हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, हे आपल्याला माहीत आहे. पण त्याच १९४६ मध्ये दिल्लीत आणखी एक कायदा झाला होता, त्याची आठवण कुणी काढत नाही. नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तर हिंदू पत्नीला वेगळं राहून पोटगी मागता येईल, असा. थोरलीला तो लागू पडला असता का, यावर वकिलांनी वाद घातला असता. पण निदान ठोठवायला एक दार होतं. ते आहे, हे तिला कुणी सांगितलंच नाही. मलाही हा कायदा आजी गेल्यानंतर कळला.

झैतुनाचा बंडखोर

आता परत ट्युनिसला जाऊ, झैतुना मशिदीत. म्हटलं होतं ना, लक्षात ठेवा.

ताहर हद्दाद नावाचा एक तरुण, जन्म १८९९ चा, झैतुनात शिकलेला. आधी कामगार चळवळीत होता. १९३० साली त्याने एक पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ साधारण 'शरीयतमधली आणि समाजातली आपली स्त्री'. म्हणणं असं, की धर्माचा मूळ हेतू न्यायाकडे जाण्याचा आहे, म्हणून अनेक बायकांची प्रथा, मनमानी तलाक आणि मुलींना शिक्षणापासून दूर ठेवणं हे थांबलं पाहिजे. तो धर्म सोडा म्हणत नव्हता. धर्म नीट वाचा म्हणत होता.

झैतुनाच्या उलेमांनी पुस्तकाचा निषेध केला. हद्दादला वकिलीच्या परीक्षेपासून रोखलं. मित्र पांगले. १९३५ साली क्षयाने तो गेला, छत्तिसाव्या वर्षी. आपल्याकडे साधारण त्याच वर्षांत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवत होते आणि कोर्टाच्या खेपा घालत होते. दोघांना एकमेकांची नावंही माहीत नसतील. पण ऐकून घ्यायला नकार देणारी माणसं दोन्हीकडे एकाच जातकुळीची.

इथे इतिहास एक वळण घेतो. हद्दादच्या विरोधात जे पुस्तक सगळ्यात गाजलं, ते लिहिणारे धर्मपंडित होते मोहम्मद सालाह बेन म्राद. आणि १९३६ साली ट्युनिशियातली मुस्लिम महिलांची पहिली संघटना काढली, ती कुणी? बशिरा बेन म्राद. त्यांचीच मुलगी. आणि वडिलांनी मुलीला अडवलं नाही, उलट पाठिंबा दिला. माणसाची मतं आणि माणसाची मुलगी यांत कधीकधी मुलगी जिंकते.

त्याच १९३६ साली तौहिदा बेन शेख ही मुलगी पॅरिसहून डॉक्टर होऊन परतली, ट्युनिशियाची पहिली महिला डॉक्टर. आमच्या पाकिटात पहिल्या दिवसापासून दहा दिनारची नोट होती. त्यावरची चष्मेवाली बाई कोण, हे आम्ही चौथ्या दिवशी विचारलं. तीच ती. २०२० पासून नोटेवर आहे. मग आम्ही आनंदीबाई जोशींची गोष्ट ताईंना सांगितली. १८८६ साली पदवी आणि पुढच्याच वर्षी मृत्यू. ताई बराच वेळ गप्प होत्या. तौहिदा एकशे एक वर्षं जगल्या.

१३ ऑगस्ट १९५६

२० मार्च १९५६ ला ट्युनिशिया फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. आणि पाच महिन्यांच्या आत, १३ ऑगस्टला, पंतप्रधान हबीब बुर्गिबा यांनी कौटुंबिक कायद्याची संहिता आणली. अजून संविधान झालं नव्हतं, प्रजासत्ताक व्हायला एक वर्ष होतं. पण हे आधी. दुसरं लग्न हा गुन्हा, एक वर्षाची कैद आणि दंड. तोंडी तलाक बंद, घटस्फोट फक्त कोर्टात आणि तो मागण्याचा हक्क दोघांना. लग्नाला मुलीची संमती हवीच. १ जानेवारी १९५७ पासून अंमल सुरू. १३ ऑगस्ट हा तिथे आजही महिला दिन, सरकारी सुट्टीचा.

बुर्गिबांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९२९ साली हबीबा मेनशारी नावाच्या एका स्त्रीने ट्युनिसच्या सभेत चेहऱ्यावरचा बुरखा काढून भाषण केलं. तेव्हा वर्तमानपत्रात लेख लिहून बुरख्याची बाजू घेणारा तरुण वकील कोण? बुर्गिबाच. त्याचं म्हणणं, परक्यांचं राज्य असताना आपली ओळख टिकवायला हवी, सुधारणा नंतर. आपल्याला हा वाद नवा नाही. आधी राजकीय की आधी सामाजिक, यावर टिळक आणि आगरकर वेगळे झाले. फरक इतका, की बुर्गिबांना 'नंतर' प्रत्यक्षात आणायची संधी मिळाली आणि त्यांनी ती पाच महिन्यांत वापरली.

मी ताईंना म्हटलं, "म्हणजे बुर्गिबांनी तुम्हाला हक्क दिले."

त्या जरा कडक आवाजात म्हणाल्या, "माझ्या पणजीच्या करारात ही अट होती. ती काय बुर्गिबांनी घातली?"

त्यांचा मुद्दा मला पटला. वरून आलेला कायदा खाली टिकतो, कारण खाली कुणीतरी त्याची भाषा आधीच बोलत असतं. कैरवानच्या आयांनी पिढ्यान् पिढ्या मुलीचं लग्न ठरवताना जी घासाघीस केली, ती कुठल्या संहितेत नावानिशी नाही. पण "दुसरी करायची नाही" हे वाक्य ट्युनिशियाने पॅरिसहून आणलं, असं कुणी म्हणू शकत नाही.

डोंबिवलीचा प्रश्न

त्या रात्री उशिरा डोंबिवलीची मैत्रीण पहिल्यांदा बोलली. तिच्या नवऱ्याने सहा वर्षांपूर्वी दुसरं घर केलंय. देवळात हार घातलेत, फोटो आहेत, सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. ती म्हणाली, "आपल्याकडे तर १९५५ पासून कायदा आहे. मग माझं काय?"

कोल्हापूरच्या बाईंनी विचारलं, "पोलिसात?"

"वकील म्हणाले, ते लग्न विधिवत लागलं हे तुम्हीच सिद्ध करा."

घरी आल्यावर मी हे शोधलं. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात भाऊराव लोखंडे खटला झाला, आपल्या महाराष्ट्रातलाच. निकाल असा, की दुसरं लग्न आवश्यक धार्मिक विधींनिशी लागल्याचं सिद्ध झालं, तरच द्विविवाहाचा गुन्हा होतो. म्हणजे विधी अर्धवट ठेवला, की माणूस मोकळा. आणि तक्रारही मुख्यतः पहिल्या बायकोनेच करायची. ट्युनिशियात १९५८ सालीच कायद्यात दुरुस्ती करून, रीतसर न नोंदलेल्या लग्नांची पळवाट बंद करण्याचा प्रयत्न झाला होता. कैरवानच्या बायका जे ओळखून होत्या, तेच हे. वचन पुरत नाही. ते मोडलं तर काय, हे लिहिलेलं हवं आणि ते सहज सिद्ध करता यायला हवं.

पण तिथे सगळं छान आहे, असं समजू नका. वारशात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, हे १९५६ च्या संहितेने बदललं नाही. २०१२ साली नव्या संविधानाच्या मसुद्यात स्त्री ही पुरुषाला 'पूरक' असल्याची भाषा आली, तेव्हा १३ ऑगस्टलाच हजारो बायका ट्युनिसच्या रस्त्यावर उतरल्या आणि ती भाषा गेली. २०१८ साली राष्ट्राध्यक्ष एसेब्सी यांनी समान वारशाचा प्रस्ताव मांडला. त्याचा कायदा झाला नाही.

हे ऐकून आम्ही जरा ताठ बसलो. सांगितलं, की महाराष्ट्रात १९९४ पासून आणि सगळ्या देशात २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलीला मुलाइतकाच वाटा आहे.

ताईंनी विचारलं, "मग तुम्ही सगळ्यांनी घेतला?"

कुणी बोलेना. शेवटी कोल्हापूरच्या बाई म्हणाल्या, "मी हक्कसोड पत्रावर सही केलीय. भावाने पेढे आणले होते."

काकूंनी कपाळावर हात मारला. "वसुली करायच्या ऐवजी तुम्ही कर्जच माफ केलंत!"

सगळ्या हसलो. बाईसुद्धा हसल्या. पण त्यानंतर झोपायला जाईपर्यंत प्रत्येक जण आपापल्या सह्या आठवत होती. मीही. कारण तसा एक कागद माझ्याही नावाचा आहे.

परत आल्यावर

पुढचे दिवस सुंदर गेले. एल जेमचं रोमन रंगमंडळ पाहिलं, वाळवंट पाहिलं, उंटावर बसून आरडाओरडा केला. ते फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

पण आल्यावर पहिल्या रविवारी मी गावी गेले. चुलतभावाकडून जुने फेरफार काढले, तलाठी कार्यालयात दोन खेपा घातल्या. एका फेरफार नोंदीत आजोबांच्या वारसांमध्ये थोरलीचं नाव सापडलं. कुणीतरी लावलं होतं म्हणजे. मी काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "धाकटी आडून बसली होती. म्हणाली, तिचं नाव नसेल तर माझंही नको."

माझी आजी. जिला सही करता येत नव्हती, अंगठा लावायची. भावकीतला तो माणूस मोठीआईच्या लग्नाचा पुरावा मागत होता आणि पुरावा म्हणून तिची सवतच उभी राहिली होती. हे मला पन्नाशी जवळ येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. घरात 'त्या भांडल्या नाहीत' एवढंच सांगितलं जायचं. त्या एकदा भांडल्या होत्या, दोघी मिळून, हे राहूनच गेलं होतं.

डोंबिवलीच्या मैत्रिणीने नवीन वकील केलाय. नाशिकच्या काकू तिच्या कागदांची फाईल लावून देतायत, तारीखवार, बँकेत लावायच्या तशी. कोल्हापूरच्या बाईंनी भावाला फोन केलाय. काय बोलणं झालं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

तर मंडळी, आज एवढंच. एक काम देते तुम्हाला. घरातल्या एका म्हाताऱ्या बाईचं नाव कुठल्या कागदावर आहे ते शोधा. सातबारा, फेरफार, जुनं रेशन कार्ड, काहीही. आणि ते नाव तिथे कुणी लावलं किंवा कुणी लावू दिलं नाही, ते विचारा. मला कळवा. पुरेशा गोष्टी जमल्या, तर त्यांचा एक भाग करू.

हॅनिबल त्यानंतर. नक्की. भेटू या पुढच्या वेळी, तोवर काळजी घ्या.